पकड

फर्मागुडीच्या डोंगरावर, वर्कशॉपच्या मागे
आमची लॅब : एक लांबट खोली,
पंखा लावायचा नाही असा नियम.
पंखा सिग्नलमध्ये उतरतो, केंकरेबाई म्हणायच्या,
आणि तारांतून येणाऱ्या त्या पन्नास हर्ट्‌झच्या गुणगुणीला
त्यांनी नाव ठेवलं होतं, वीजखात्याची आरती.
मी घाम पुसत सोल्डरिंग करायचो.
सव्वीस वर्षं.

चांदीची तार म्हापशाच्या रायकरशेटकडून,
केसाइतकी बारीक. तो दर वेळी विचारी,
बाई, हे कसलं पैंजण?
मीठ आगरवाड्याचं, जाडं.
खाऱ्या पाण्यात तार बुडवून नऊ व्होल्टची बॅटरी जोडली
की चांदी काळवंडायची,
आणि बाई खूश :
आता हिला स्नायूचं कुजबुजणं ऐकू येईल.

इनासला बांबोळीहून आणलं, स्ट्रेचरवर.
दिवाडीचा रेंदेर. दिवसातून तीनदा माडावर.
एका संध्याकाळी दुदिणं वर राहिलं
आणि इनास खाली आला.
मानेचा सहावा मणका.

बाईंच्या डोक्यात तेव्हा पाय होते.
परिषदेसाठी स्लाइड तयार होती : आधाराविना उभा माणूस.
इनास म्हणाला, "चलूंक नाका म्हाका.
चालून जाऊ कुठे? माड तर वर आहे.
नाक खाजलं की बायकोला हाक मारतो,
ती विहिरीवर असते, येते हात पुसत,
तोवर खाज गेलेली.
तिला काय सांगू, कशाला बोलावलं?"
बाई हसल्या नाहीत.
रात्री त्यांनी ती स्लाइड काढून टाकली.

मग अंगठा आणि तर्जनी,
यांच्यामधल्या दीड इंचाची सात वर्षं.
खांदा किंचित उचलला की बोटं मिटायला हवीत.
सेकंदाला वीस ठोके. कमी केले तर हात फडफडे,
वाढवले तर दमून पडे.
त्याने पहिल्यांदा पकडला तो कप नव्हे,
बाईंचा चष्मा.
पकडला, आणि सोडता येईना.
अर्धा तास बाई आंधळ्यासारख्या समोर बसून,
मी बटणं शोधतोय,
आणि इनास इतका हसला की खुर्चीतून घसरला.

पेपर छापून आले. मुलं पीएचडी करून परदेशी गेली.
एक कंपनी आली, चहा पिऊन गेली.
मार्चमध्ये पत्र :
प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण.
सर्व उपकरणे भांडारात जमा करावीत.
उपकरणे म्हणजे इनासचे दोन हात.
बाईंनी रजिस्टरात लिहिलं, हरवली.
जिने जन्मात एक आकडा खोटा लिहिला नाही
तिने.
साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

आता दोघंही निवृत्त.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रायबंदरच्या धक्क्यावर भेटतो,
पिशवीत बॅटऱ्या, जेलची ट्यूब,
इनाससाठी थोडे काजू, जे डॉक्टरने बंद केलेत.
पेटीतली चिप आता कोणी बनवत नाही,
खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं.
फेरीत बाई उभ्याच राहतात, कठडा धरून.

गेल्या खेपेला डाव्या हाताची पेटी बंद.
आत एक तार तुटलेली.
माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू,
बाईंचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो.
त्या थरथरीचं नाव त्यांना ठाऊक आहे,
ठोकेही मोजलेत, सेकंदाला पाच.
मला सांगितलं ते एवढंच.

तार धरणार कोण?
इनासने खांदा उचलला.
उजवी बोटं मिटली,
तारेचं टोक चिमटीत, स्थिर,
जणू चाकूवर पाणी देतोय.
बाईंनी सोल्डरिंगची कांडी दोन्ही हातांनी धरली.
राळेचा धूर, वासाने मांजर उठून गेलं.

"बेगीन कर गो बाय, बोटां थकलीं."
"हलू नकोस," बाई म्हणाल्या.
"मी कुठे हलतोय," इनास म्हणाला,
"हलतेस ती तू."